कार्डावर कोणते पदनाम छापावे? अमेरिकेतील गृहकर्ज व्यवसायातील नावांची तुलना

अमेरिकेत गृहकर्जाच्या व्यवसायात नव्याने येणारी व्यक्ती अभ्यासक्रम पूर्ण करते, परीक्षा देते, बोटांचे ठसे देते, एखाद्या कंपनीत रुजू होते आणि पहिल्याच आठवड्यात तिला विचारले जाते, की व्हिजिटिंग कार्डावर काय छापायचे. लोन ऑफिसर, मॉर्गेज ब्रोकर, मॉर्गेज बँकर, मॉर्गेज कन्सल्टंट, मॉर्गेज ॲडव्हायझर, होम लोन स्पेशालिस्ट, व्हाइस प्रेसिडेंट अशी यादी समोर ठेवली जाते आणि बहुतेक जण त्यातले सर्वांत भारदस्त वाटणारे नाव उचलतात. या व्यवसायात बरीच वर्षे घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की ही निवड भारदस्तपणावर करू नये. समोरच्या कर्जदाराला तुमचे काम काय, तुम्ही कोणाच्या वतीने बोलता आणि तुम्हाला पैसे कोठून मिळतात, या तीन गोष्टी ज्या नावातून सर्वांत कमी गैरसमजाने कळतील, ते नाव घ्यावे. पुढील तुलना याच निकषावर केली आहे.

पदनामांचा हा प्रश्न इतका नाजूक का झाला, हे समजण्यासाठी २००८ पूर्वीचा काळ आठवावा लागतो. त्या काळात अनेक राज्यांत गृहकर्ज विकणाऱ्या व्यक्तीला स्वतःचा परवाना लागत नसे आणि पार्श्वभूमीची तपासणीही ढिली होती. २००८ च्या आर्थिक संकटाची चौकशी करणाऱ्या आयोगाने २०११ मध्ये दिलेल्या अहवालात नोंदवले आहे, की एकट्या फ्लोरिडात २००० ते २००७ या काळात गुन्हेगारी नोंद असलेल्या किमान १०,५०० व्यक्ती या व्यवसायात शिरल्या आणि त्यांपैकी ४,०६५ जणांना आधी फसवणूक, बँक दरोडा, खंडणी अशा गुन्ह्यांत शिक्षा झाली होती. उत्पन्नाचा पुरावा न मागता दिलेली कर्जे, काही काळाने हप्ता अचानक वाढवणारे व्याजदर आणि ग्राहकाला जितका चढा दर लावावा तितके मध्यस्थाचे उत्पन्न वाढवणारी रचना या सगळ्यांचा राग लोकांनी प्रामुख्याने एका शब्दावर काढला, आणि तो शब्द होता ‘ब्रोकर’. दोष केवळ ब्रोकरांचा नव्हता. कर्जदात्या संस्था, ती कर्जे विकत घेणारे गुंतवणूकदार आणि पतमानांकन संस्था हे सारेच त्यात होते, पण कर्जदाराच्या स्वयंपाकघरातील टेबलावर कागद घेऊन बसलेला माणूस ब्रोकर होता आणि लक्षात राहिला तो त्याचाच चेहरा.

३० जुलै २००८ रोजी सेफ कायदा अमलात आला आणि परवान्याची देशव्यापी किमान चौकट ठरली. त्यानुसार परवान्यापूर्वी २० तासांचे शिक्षण, परीक्षेत किमान ७५ टक्के गुण, दरवर्षी ८ तासांचे पुनर्शिक्षण आणि आयुष्यभर न बदलणारा एनएमएलएस (गृहकर्ज व्यावसायिकांच्या देशव्यापी नोंदणी प्रणालीचा) क्रमांक आवश्यक झाला. गेल्या सात वर्षांत गंभीर गुन्ह्याची शिक्षा झालेल्यास परवाना मिळत नाही, आणि तो गुन्हा फसवणुकीचा किंवा विश्वासघाताचा असेल तर कधीच मिळत नाही. या कायद्याने व्यवसायाला एक अधिकृत नावही दिले, ते म्हणजे ‘मॉर्गेज लोन ओरिजिनेटर’. जी व्यक्ती मोबदल्यासाठी कर्जाचा अर्ज स्वीकारते आणि कर्जाच्या अटी देऊ करते किंवा त्यांवर वाटाघाटी करते, ती ओरिजिनेटर. कायदेशीरदृष्ट्या हे सर्वांत अचूक नाव आहे, पण ग्राहकाला त्यातून काहीच उमगत नाही. त्यामुळे परवान्यावर आणि सहीखाली ते जरूर असावे, मात्र ओळख करून देताना त्याचा उपयोग नाही.

त्याच्या शेजारी ‘लोन ऑफिसर’ ठेवून पाहावे. हा शब्द जुना आणि साधा आहे, सर्वांना परिचित आहे, आणि शासकीय कागदांतही तोच आहे. ऑक्टोबर २०१५ पासून अर्जानंतर तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाला जे ‘लोन एस्टिमेट’ (कर्जाच्या अटी व खर्चाचे अंदाजपत्रक) द्यावे लागते, त्याच्या तिसऱ्या पानावर तुमचे नाव आणि क्रमांक ‘लोन ऑफिसर’ या रकान्यात येतात, मग तुमच्या कार्डावर काहीही छापलेले असो. कार्डावर एक आणि कर्जाच्या कागदावर दुसरे पद दिसले, की सावध ग्राहकाच्या मनात पहिली शंका तेथेच येते. या नावाची एक उणीव मात्र सांगितलीच पाहिजे. ठेवी स्वीकारणाऱ्या बँकेतील लोन ऑफिसरची नोंदणी होते आणि पार्श्वभूमी तपासली जाते, परंतु त्याला राज्याचा परवाना किंवा ती परीक्षा बंधनकारक नसते, तर बँकेतर कंपनीतील किंवा ब्रोकरकडील लोन ऑफिसरला दोन्ही लागतात. एकाच नावाखाली दोन वेगळ्या पात्रता लपलेल्या आहेत, आणि लोकांचा समज नेमका उलटा असतो, की बँकेतला माणूस अधिक तावूनसुलाखून घेतलेला असतो. तुम्ही परीक्षा दिली असेल, तर हा फरक ग्राहकाला शांतपणे समजावून सांगण्यात काहीही गैर नाही.

खरी कसोटी ब्रोकर आणि बँकर या दोन नावांत लागते, कारण येथे नावाबरोबर कामाची रचनाच बदलते. मॉर्गेज बँकर म्हणवणारी कंपनी तात्पुरत्या कर्जमर्यादेतून पैसा उभा करून स्वतःच्या नावाने कर्ज देते आणि नंतर ते फॅनी मे, फ्रेडी मॅक (गृहकर्जे विकत घेणाऱ्या शासनपुरस्कृत कंपन्या) किंवा अन्य गुंतवणूकदारांना विकते. तिच्याकडे स्वतःचे अंडररायटर (अर्ज तपासून मंजुरी ठरवणारे) असतात, त्यामुळे अडलेली फाइल सोडवणे तुलनेने सोपे जाते. मात्र तेथील लोन ऑफिसर आपल्याच कंपनीच्या योजना आणि आपल्याच कंपनीचा दर ग्राहकापुढे ठेवू शकतो. ब्रोकर स्वतःचा पैसा देत नाही. तो अनेक कर्जदात्या संस्थांकडे चौकशी करतो आणि अर्ज त्यांपैकी एकीकडे नेतो. त्याच्याकडे पर्याय अधिक असतात, पण मंजुरीचा निर्णय दुसऱ्याच्या हातात राहतो.

प्रतिमेच्या बाजूने पाहिले तर ‘बँकर’ हा शब्द उजवा ठरतो, आणि त्यामुळेच मला त्याची थोडी काळजी वाटते. आज घरखरेदीसाठीच्या कर्जांपैकी निम्म्याहून अधिक कर्जे बँकेतर संस्था देतात. तेथील कर्मचारी स्वतःला मॉर्गेज बँकर म्हणवतो तेव्हा ते व्यवसायाच्या परंपरेला धरूनच असते, कारण या क्षेत्रातील १९१४ साली स्थापन झालेल्या जुन्या संघटनेच्या नावातही तोच शब्द आहे. पण ग्राहक त्यातून बँक ऐकतो, ठेवींची सुरक्षितता ऐकतो, शाखा ऐकतो. कर्ज देऊन महिनाभरात ते दुसऱ्या संस्थेकडे वर्ग झाल्याचे पत्र घरी आले, की त्याला फसवले गेल्यासारखे वाटते, जरी प्रत्यक्षात काहीही वावगे घडलेले नसते.

‘ब्रोकर’चे उलटे आहे. मराठी कानाला तर त्याचे भाषांतर ‘दलाल’ असे होते आणि तो शब्द घरात पाऊल टाकण्यापूर्वीच अविश्वास घेऊन येतो. परंतु या नावाभोवती आज जेवढे कायदेशीर संरक्षण उभे आहे, त्याची नवागताला क्वचितच कल्पना असते. २०११ पासून लागू झालेल्या मोबदल्याच्या नियमानुसार कोणत्याही ओरिजिनेटरला कर्जाच्या दरावर किंवा अटींवर अवलंबून असलेला मोबदला घेता येत नाही. तो कर्जाच्या रकमेच्या ठरावीक टक्क्यांनी मिळू शकतो, आणि ब्रोकरला एकाच व्यवहारात ग्राहकाकडून व कर्जदात्याकडून असा दुहेरी मोबदला घेता येत नाही. उदाहरणार्थ, ४ लाख डॉलरच्या कर्जावर मोबदला १ टक्का ठरलेला असेल तर तो ४,००० डॉलरच राहील, व्याजदर सहा टक्के असो की सात. स्वतःला अधिक मिळेल अशाच कर्जाकडे ग्राहकाला वळवल्याचा आरोप टाळायचा असेल, तर ब्रोकरने अनेक संस्थांकडून पर्याय घेऊन त्यांतील सर्वांत कमी दराचा, जोखमीच्या अटी नसलेल्यांपैकी सर्वांत कमी दराचा आणि सर्वांत कमी शुल्काचा असे पर्याय ग्राहकापुढे ठेवावेत, अशी वाट नियमानेच आखून दिली आहे. कॅलिफोर्नियात तर तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये व्यॅट विरुद्ध युनियन मॉर्गेज या खटल्यात मॉर्गेज ब्रोकर हा कर्जदाराचा विश्वस्त असल्याचे, म्हणजेच त्याच्या हिताशी बांधील असल्याचे स्पष्ट केले. थेट कर्ज देणाऱ्या संस्थेच्या कर्मचाऱ्यावर सर्वसाधारणपणे असे बंधन नसते. ज्या नावाची प्रतिमा सर्वांत मलिन, त्याच नावाखाली काही ठिकाणी ग्राहकाप्रति सर्वांत मोठे कर्तव्य येते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. म्हणून तुम्ही खरोखर ब्रोकर असाल, तर ते नाव झाकू नका. ‘होम लोन स्पेशालिस्ट’ असे गुळगुळीत नाव लावून आपले बलस्थान स्वतःच लपवण्यात काय अर्थ आहे?

आता सल्लागार वर्गातील नावे पाहू, म्हणजे कन्सल्टंट, ॲडव्हायझर, प्लॅनर. नवागतांना यांचेच आकर्षण सर्वाधिक असते. माझ्या पहिल्या कंपनीने माझ्या कार्डावर ‘मॉर्गेज कन्सल्टंट’ छापले होते. एका निवृत्त शिक्षिकेने ते कार्ड वाचून मला विचारले, “तुम्ही सल्लागार आहात, तर आतापर्यंत किती लोकांना कर्ज घेऊ नका असा सल्ला दिला आहे?” मला उत्तर देता आले नाही. असे सल्ले मी दिले नव्हते असे नाही. पण त्या प्रत्येक वेळी माझे उत्पन्न शून्य होते आणि माझ्या व्यवस्थापकाच्या लेखी ते अपयश होते. कर्ज पूर्ण झाले तरच मोबदला, अशी रचना असलेल्या कामाला सल्ला म्हणायचे असेल, तर ही रचना समोरच्याला सांगितल्याखेरीज म्हणू नये, असे मला त्या दिवसापासून वाटते. उत्तम लोन ऑफिसर सल्ला देतोच, आणि कित्येक कुटुंबांना तो वेळीच मिळाल्याने त्यांचे घर वाचलेले मी पाहिले आहे. प्रश्न केवळ एवढाच आहे, की नावाने तटस्थतेचे वचन द्यावे का.

याच वर्गातील एका शब्दाबाबत तर पर्यायच उरलेला नाही. ‘काउन्सेलर’ हा शब्द नफ्यासाठी चालणाऱ्या ब्रोकरने किंवा कर्जदात्या संस्थेने आपल्यासाठी वा आपल्या कर्मचाऱ्यांसाठी गृहकर्जाच्या जाहिरातीत वापरण्यास संघराज्याच्या नियमांनीच मनाई केली आहे. फेडरल रिझर्व्हने २००८ मध्ये केलेला हा नियम ऑक्टोबर २००९ पासून लागू आहे. गृहनिर्माण खात्याने मान्यता दिलेल्या संस्थांमधील समुपदेशक वेगळे असतात आणि त्यांच्याशी गोंधळ होऊ नये, हा त्यामागील उद्देश आहे. ‘ॲडव्हायझर’वर अशी थेट बंदी नाही. ब्रिटनमध्ये मॉर्गेज ॲडव्हायझर हे पात्रता आणि देखरेख असलेले पद आहे आणि तेथे ते नाव शोभते. अमेरिकेत त्यामागे तसा वेगळा परवाना नाही, त्यामुळे ते नाव घेणाऱ्याने त्याचे वजन स्वतःच्या वागणुकीने पेलावे लागते. आर्थिक नियोजनाचे स्वतंत्र प्रशिक्षण घेतलेल्या आणि कर्जाबरोबर कर, निवृत्ती व बचत यांचा विचार खरोखर मांडणाऱ्या व्यक्तीने ‘प्लॅनर’ म्हणवले तर माझा आक्षेप नाही.

‘व्हाइस प्रेसिडेंट’विषयी थोडक्यात सांगता येईल. काही कंपन्यांत भरपूर कर्जे आणणाऱ्या विक्रेत्याला हे पद बहाल केले जाते. ते ऐकून कर्जदार समजतो, की मंजुरी यांच्याच सहीने होते, आणि अंडररायटरने अर्ज नाकारला की त्याचा राग दुप्पट होतो. हे पद मिळाले तर नम्रपणे बाजूला ठेवावे.

सहायक म्हणून सुरुवात करणाऱ्यांनी अधिकच काळजी घ्यावी. परवाना नसलेल्या प्रोसेसरने (कर्जाची कागदपत्रे गोळा करून तपासणाऱ्या सहायकाने) कार्ड, पत्र, फलक किंवा जाहिरात यांद्वारे आपण ओरिजिनेटरचे काम करू शकतो असे भासवणे सेफ कायद्याला मान्य नाही. त्यामुळे ‘लोन स्पेशालिस्ट’ किंवा ‘लेंडिंग एक्स्पर्ट’ असे संदिग्ध नाव कंपनीने कौतुकाने दिले तरी त्याचा त्रास पुढे तुम्हालाच होऊ शकतो. ‘लोन प्रोसेसर’ किंवा ‘लोन ऑफिसरचे सहायक’ हेच लिहून घ्यावे.

तेव्हा बँकेत किंवा थेट कर्ज देणाऱ्या कंपनीत काम करणार असाल, तर मी ‘लोन ऑफिसर’ सुचवीन आणि त्याखाली कंपनीचे परवान्यावरील पूर्ण नाव व एनएमएलएस क्रमांक ठळकपणे द्यावा. तो क्रमांक कार्डावर आणि जाहिरातीत देणे बहुतेक राज्यांच्या कायद्यानुसार आवश्यकच आहे, पण तो कोपऱ्यात बारीक अक्षरांत ढकलू नये. त्या क्रमांकावरून कोणीही तुमची नोंद, पूर्वीच्या नोकऱ्या आणि नियामकांनी केलेली कारवाई विनामूल्य पाहू शकते, आणि ग्राहकाला ते पाहण्यास तुम्ही स्वतः सांगितलेत, तर कोणत्याही पदनामापेक्षा त्याचा परिणाम अधिक होतो. ब्रोकरकडे काम करणार असाल, तर ‘लोन ऑफिसर’ या नावाखाली कंपनी मॉर्गेज ब्रोकर आहे हे एका ओळीत स्पष्ट लिहावे.

मराठी मंडळाच्या स्मरणिकेत किंवा मराठी कार्यक्रमात जाहिरात देणाऱ्यांसाठी आणखी एक बाब आहे. भाषांतर करताना ‘लोन ऑफिसर’चे सहज ‘गृहकर्ज सल्लागार’ होते आणि काही वेळा ‘समुपदेशक’ही होते. दुसरे नाव तर सरळ त्या मनाई केलेल्या शब्दाचेच मराठी रूप आहे, त्यामुळे ‘गृहकर्ज अधिकारी’ लिहावे किंवा मूळ इंग्रजी पदनामच देवनागरीत ठेवावे. तसेच आकर्षक व्याजदर वा हप्ता मराठीत आणि त्यासोबतच्या बाकीच्या बंधनकारक अटी केवळ इंग्रजीत, अशी जाहिरात त्याच २००८ च्या नियमाने दिशाभूल करणारी ठरवली आहे. दर मराठीत लिहिलात, तर एपीआर (शुल्कासह धरलेला वार्षिक दर), मुदत आणि दर बदलणार असल्यास त्याची माहितीही मराठीतच लिहावी लागेल.