'सीट ब्लॉक करतो' म्हणणाऱ्या काउन्सिलरने बहिणीची फी माफी घालवली, बारावीच्या पालकांनी नक्की वाचा

यंदा परत आमच्या सांगोल्याकडे तेच फ्लेक्स लागायला लागलेत, 'मोफत करिअर मार्गदर्शन शिबिर, बारावीनंतर पुढे काय', म्हणून हे लिहितेय. मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या इंजिनिअरिंग ॲडमिशनला, माझ्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत जे झालं ते सगळं सांगते, लांब आहे पण ज्यांच्या घरात बारावी सायन्सचं लेकरू आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आमचे पावणेदोन लाख तर गेलेच, पण खरं नुकसान त्याच्यापेक्षा मोठं आहे. सरकारने मुलींना दिलेली शंभर टक्के फी माफी हातची गेली, चारही वर्षांची. आणि हे कुणी रात्री घर फोडून नेलं नाही, समोर बसवून चहा पाजून नेलं.

घरी डाळिंबाची बाग आहे, तेल्या रोगातून जेवढी वाचली तेवढ्यावर घर चालतं. आम्ही ओबीसी, उत्पन्न आठ लाखाच्या कितीतरी खाली, नॉन क्रिमीलेअर काढलेलं, जात पडताळणी अकरावीतच करून ठेवलेली. म्हणजे कागदपत्रात कुठेही कमी नव्हतं. बहिणीला सीईटीला ९१ पर्सेंटाइल पडले. पुण्यात कॉम्प्युटर किंवा आयटी हवं होतं तिला, कॉलेज मधलं मिळालं तरी चालेल म्हणत होती.

शिबिर मंगल कार्यालयात होतं. तो माणूस (सगळे त्याला सर म्हणायचे) तासभर बोलला आणि त्यातलं बरंचसं खरं होतं, हेच तर वाईट. कॅप (सरकारची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) म्हणजे काय, राऊंड किती, फ्रीज (मिळालेली सीट पक्की करणं) आणि बेटरमेंट (सीट हातात ठेवून पुढच्या राऊंडला वरच्या पसंतीची वाट बघणं) म्हणजे काय, सगळं बरोबर सांगितलं. मग हळूहळू भीती घालायला सुरुवात. फॉर्ममध्ये एक चूक झाली की वर्ष वाया, गेल्या वर्षी अमक्या गावच्या पोरीचं असं झालं, तमक्याचं तसं झालं. शेवटी पंचवीस हजाराचं पॅकेज. त्यात ऑप्शन फॉर्म (कॉलेज आणि ब्रँचची पसंतीक्रमाने यादी) भरून देणार, डॉक्युमेंट बघणार, हॉस्टेल बघणार, एज्युकेशन लोन करून देणार आणि वर प्लेसमेंटची गॅरंटी. आता मला सांगा, ॲडमिशनसुद्धा झालेली नाही अशा मुलीच्या चार वर्षांनंतरच्या नोकरीची गॅरंटी हा माणूस कुठल्या जोरावर देतो? कॉलेजवालेपण देऊ शकत नाहीत. पण आण्णांनी पैसे फोन पे केले, त्याच्या पर्सनल नंबरवर, कंपनीच्या खात्यावर नाही. पोरीसाठी आहे म्हटल्यावर कुठला बाप मागेपुढे बघतो.

पॅकेज घेतल्यावर त्याने तीन गोष्टी स्वतःच्या ताब्यात घेतल्या. कॅपचं लॉगिन आणि पासवर्ड, रजिस्ट्रेशनला टाकायचा मोबाईल नंबर (आण्णांचा नाही, त्याच्या ऑफिसचा टाकला, "ओटीपीसाठी तुम्हाला रात्री-अपरात्री त्रास नको काका" म्हणून), आणि ओरिजिनल कागदपत्रं. स्क्रुटिनीसाठी, म्हणजे कागदपत्र तपासणीसाठी, लागतात म्हणाला. ई-स्क्रुटिनीला स्कॅन करून अपलोड करायचं असतं, ओरिजिनल कुणाच्या कपाटात ठेवायची काही गरज नसते. पण नंबर त्याचा असल्यामुळे लॉगिनमध्ये काय चाललंय याचा एकही मेसेज आमच्या घरात आला नाही.

आता खरी गोम ऐका. कॅपच्या ऑप्शन फॉर्ममध्ये ३०० पर्यंत चॉइस भरता येतात. बहिणीच्या फॉर्मची प्रिंट मी नंतर मिळवली, त्यात फक्त बारा ओळी होत्या. सीओईपी, व्हीजेटीआय, पीआयसीटी, असली नावं आणि सगळीकडे कॉम्प्युटर नाहीतर आयटी. या ठिकाणी या ब्रँचची लिस्ट ९८-९९ च्या आसपास थांबते, आमच्या कॅटेगरीत धरलं तरी ९१ ला तिथं काहीच चान्स नव्हता, आणि हे त्याला शंभर टक्के माहीत होतं, कारण शिबिरात हेच कटऑफ त्याने स्क्रीनवर दाखवले होते. म्हणजे फॉर्म चुकून नाही, मुद्दाम असा भरला की पहिल्या राऊंडला काहीही लागू नये.

आणि काहीच लागलं नाही. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला, "काका मी म्हणत होतो ना, कॅपमधून पुण्यात कॉम्प्युटर विसरा, आता एकच रस्ता आहे, मॅनेजमेंटची सीट, माझ्या ओळखीत दोन राहिल्यात, उद्या दुपारपर्यंत ब्लॉक केली तर करतो." बहीण रडून रडून बेजार, आई देवापुढे बसलेली, आणि आण्णांनी रातोरात दीड लाख रोख उभे केले. मागच्या वर्षी कॅपचे चार राऊंड होते. चार! तीन राऊंड बाकी होते, त्यात नवीन ऑप्शन भरता आले असते, पण हे आम्हाला सांगितलंच नाही, उलट "आता पुढचे राऊंड भरायची गरज नाही, सीट झाली आपली" असं सांगून लॉगिन तसंच पडू दिलं.

रोख दीड लाखाची पावती? नाही. एका साध्या कागदावर 'सल्ला शुल्क, नॉन रिफंडेबल' एवढं लिहून सही केलेली, आणि त्या कागदावर रक्कम वीस हजार. मी पुण्यात अकाउंट्समध्ये नोकरी करते, तो कागद मी जेव्हा बघितला तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. आण्णांनी मला आधी काही सांगितलं नव्हतं, ताईला कशाला टेन्शन म्हणून.

ॲडमिशन झाली, पहिल्या वर्षाची फी एक लाख तीस हजार कॉलेजला भरली, ती रीतसर पावतीने. सर म्हणाला होता फी माफी नंतर महाडीबीटीवरून (सरकारचं स्कॉलरशिपचं पोर्टल) होते, पैसे परत येतात. मग महाडीबीटीचा फॉर्म भरायला बहीण कॉलेजच्या स्कॉलरशिप खिडकीवर गेली तेव्हा तिथल्या मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, ॲडमिशन कॅपमधून का इन्स्टिट्यूट लेव्हल, म्हणजे मॅनेजमेंट कोट्यातून? इन्स्टिट्यूट लेव्हल म्हटल्यावर त्यांनी फॉर्म परत दिला. ८ जुलै २०२४ च्या जीआरने ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सला ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ केली आहे, उत्पन्न आठ लाखाच्या आत पाहिजे, पण ॲडमिशन कॅपमधून झालेली पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की योजना संपली. अभिमत आणि खासगी विद्यापीठांनापण ती लागू नाही, आणि हे काउन्सिलर लोक गावाकडच्या पोरांना नेमकं तिकडेच ढकलतात, कारण तिथं एका ॲडमिशनमागे त्यांना कमिशन सुटतं.

सगळ्यात जास्त जिव्हारी लागलं ते पुढचं. बहिणीच्या रूमवर नगरकडची एक मुलगी आहे, ओबीसीच, सेम कॉलेज, सेम ब्रँच, ८८ पर्सेंटाइल. तिसऱ्या राऊंडला कॅपमधून लागली. तिला ट्यूशन फी शून्य. माझ्या बहिणीला तिच्यापेक्षा तीन पर्सेंटाइल जास्त आणि आम्ही पूर्ण फी अधिक दीड लाख भरून त्याच वर्गात त्याच बाकावर. बहिणीने दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. तिला वाटत होतं आपलीच काहीतरी लायकी कमी पडली. अठरा वर्षांच्या पोरीला असं वाटायला लावणाऱ्या माणसाला काय म्हणायचं.

मग मी सीईटी सेलच्या (ॲडमिशन घेणारं सरकारी कार्यालय) वेबसाइटवरून आधीच्या वर्षांचे कटऑफ काढून बसले. फुकट असतात, राऊंडवाइज पीडीएफ. सुरुवातीला कोड बघून घाबरायला होतं पण सोपं आहे. पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, एल म्हणजे लेडीज, मग कॅटेगरी, आणि शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे त्याच्या बाहेरचे, एस म्हणजे स्टेट लेव्हल. आपण सोलापूर विद्यापीठातून पुण्यात जाणार तर 'ओ' आणि 'एस' बघायचं, पुण्याच्या मुलीचा 'एच' आकडा बघून खचायचं नाही. मुलींना तीस टक्के राखीव जागा आहेत म्हणून एल ची ओळ वेगळी बघायची. एक रविवार लावला तर आपल्या पर्सेंटाइलच्या वरची थोडी, आसपासची भरपूर आणि खालची थोडी अशी शंभरेक ऑप्शनची यादी घरात बसून तयार होते. फक्त एक ध्यानात ठेवा, पहिल्या राऊंडला पहिल्याच नंबरचा ऑप्शन लागला तर सीट आपोआप फ्रीज होते, पुढे बदलता येत नाही, म्हणून एक नंबरला तेच टाका जिथे खरंच जायचंय. काही काउन्सिलर कमिशनवालं कॉलेज एक नंबरला टाकून पोराला तिथंच अडकवतात, आमच्या तालुक्यातल्या दुसऱ्या एका घरात हेच झालं. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, त्यामुळे त्या वर्षीची माहिती पुस्तिका उघडून वाचा, मराठीतून विचारायचं असेल तर जवळच्या फॅसिलिटेशन सेंटरला जा, ते त्यांचं कामच आहे.

आणि तो जो 'मॅनेजमेंटची सीट माझ्या हातात आहे' म्हणतो ना, ती कुणाच्या हातात नसते. खासगी कॉलेजच्या वीस टक्के संस्था स्तरावरच्या जागांनासुद्धा जाहिरात, अर्ज आणि मेरिट लिस्ट लागते. फी किती घ्यायची ते शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि प्रत्येक कॉलेजचा आकडा त्यांच्या वेबसाइटवर असतो, त्याच्यावर एक रुपया डोनेशन म्हणून मागणं हे १९८७ च्या कॅपिटेशन फीच्या कायद्याने गुन्हा आहे. आमचे दीड लाख कॉलेजकडे गेले का त्याच्याच खिशात गेले, आजपर्यंत कळलेलं नाही. कॉलेज म्हणतं आमचा या माणसाशी संबंध नाही.

राहण्या-खाण्याचंही तसंच. ओबीसी मुलामुलींना सरकारी वसतिगृह मिळालं नाही तर राहण्या-जेवणासाठी पैसे देणारी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, हे नाव त्याच्या तोंडून एकदाही निघालं नाही. लोनचा एजंट मात्र पहिल्या मीटिंगलाच टेबलावर हजर होता.

पुढचं थोडक्यात. आम्ही जाब विचारायला गेलो तर आधी म्हणाला रोख दिल्याचा पुरावा काय, मग म्हणाला डोनेशन देणारापण गुन्हेगार असतो, तुम्हीच अडकाल. याला घाबरून बरेच जण गप्प बसतात. आम्ही पोलिसात लेखी अर्ज दिला, सोबत फोन पेचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचं 'उद्या दीड घेऊन या काका' आणि ती बारा ओळींची प्रिंट. त्यानंतर साठ हजार परत आले आणि बाकीच्याचा चेक दिला, तो बाउन्स झाला. बँकेचा मेमो आल्यापासून तीस दिवसांच्या आत १३८ ची (चेक बाउन्सच्या कलमाची) नोटीस द्यावी लागते, ती वकिलांनी पाठवली आहे. पॅकेजच्या पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे, पाच लाखापर्यंतच्या दाव्याला तिथे फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. आधी काय करायचं ते कळत नसेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून विचारा.

यंदा कुणी असं सीटसाठी पैसे देऊन बसलं असेल तर आजच कॅपचा पासवर्ड बदला, मोबाईल नंबर स्वतःचा करून घ्या, ओरिजिनल कागद परत मागा आणि कॅपचे राऊंड बाकी असतील तर स्वतः ऑप्शन भरा. कॉलेजात ॲडमिशन झाली असली तरी प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या आत लेखी रद्द केली तर हजार रुपयांपेक्षा जास्त कापता येत नाहीत आणि ओरिजिनल कागद अडवून ठेवता येत नाहीत. अर्जाची पोच शिक्क्यासकट घ्या, ऑनलाइनपण कॅन्सल करा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. ऑप्शनची यादी बघून द्यायची असेल तर पर्सेंटाइल, कॅटेगरी आणि बारावी कुठल्या जिल्ह्यात झाली एवढं लिहा, रात्री नऊनंतर मी बसून बघून देईन, पैसे काही नाहीत.