शनिवारची सकाळ कुठे घालावी? डिजिटल हक्कांसाठी काम करायचे चार रस्ते

ठाण्यातल्या नौपाड्यात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, अधूनमधून एखादं पुस्तक. भाची ऐरोलीला आयटीत आहे. गेल्या महिन्यात ती दुकानात आली, ऑपरेटरची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "मामा, शनिवारची सकाळ मोकळी असते आणि महिन्याला हजारेक रुपये काढू शकते. खासगीपणा, माहितीचा हक्क, कॉपीराइटचे कायदे, यावर खरंच काहीतरी करायचंय. नुसतं फॉरवर्ड करून वीट आला. कुठे जाऊ?"

तिच्यापुढे चार रस्ते होते. पक्षाचं राजकारण, कोर्टात लढणारी संस्था, स्वतः केलेले अर्ज आणि हरकती, आणि हक्कमुक्त झालेलं साहित्य नेटवर आणायचं काम. चहा संपेपर्यंत जे सुचलं ते सांगितलं, पण ते अर्धवटच होतं. म्हणून हे जरा सविस्तर, तिच्यासारख्या इतरांसाठीही. माझा कल आधीच सांगून टाकतो. तिसऱ्या रस्त्याने मी बरीच वर्षं चालतोय, चौथ्यावर हौसेने जातो, दुसऱ्याला फक्त वर्गणी देतो आणि पहिल्याच्या वाटेला कधी गेलेलो नाही.

पहिला रस्ता: पक्ष

भाचीच्या डोक्यात युरोपातले पायरेट पक्ष होते. गोष्ट आहेच तशी भुरळ घालणारी. १ जानेवारी २००६ ला स्वीडनमध्ये रिक फाल्कविंगे यांनी कॉपीराइट-सुधारणा आणि खासगीपणा एवढ्याच मुद्द्यांवर पक्ष काढला. त्याच वर्षी मे महिन्यात पोलिसांनी सिनेमे-गाणी फुकट वाटून घ्यायच्या 'पायरेट बे' या साइटचे सर्व्हर उचलून नेले आणि पक्षाकडे सभासदांची रीघ लागली. २००९ च्या युरोपियन संसदेच्या निवडणुकीत त्यांना ७.१ टक्के मतं मिळाली. २०११ मध्ये बर्लिनच्या विधानसभेत जर्मन पायरेट ८.९ टक्क्यांवर १५ जागा घेऊन बसले. आइसलंडमध्ये २०१६ ला ६३ पैकी १० जागा, चेक प्रजासत्ताकात २०१७ ला २२.

आता त्याची दुसरी बाजू. स्वीडनमधल्या त्याच पक्षाला २०१० च्या देशाच्या निवडणुकीत एक टक्काही मतं मिळाली नाहीत, आणि आइसलंडमध्ये २०२४ ला त्यांची एकही जागा उरली नाही. एका मुद्द्यावर उभा राहिलेला पक्ष त्या मुद्द्याची हवा ओसरली की बसतो.

पण आपल्यासाठी खरी अडचण मतमोजणीच्या पद्धतीत आहे. तिकडे मतांच्या प्रमाणात जागा मिळतात, म्हणून सात-आठ टक्क्यांनाही किंमत. आपल्याकडे ज्याला सर्वांत जास्त मतं तोच निवडून येतो. ठाणे शहर मतदारसंघात उद्या कुणी डिजिटल हक्कांवर विधानसभेला उभं राहिलं आणि चक्क ८ टक्के मतं घेतली, तरी हाती काय? एक षष्ठांश मतं नाहीत, म्हणून १० हजारांचं डिपॉझिट जप्त. पक्ष नोंदवणं त्या मानाने सोपं आहे, शंभर मतदार सभासद आणि दहा हजार रुपये फी. पुढचं अवघड.

तरीही हा रस्ता पूर्ण बंद म्हणणार नाही. खासगीपणाचा कायदा दिल्लीत होतो, पण नाक्यावर कॅमेरा बसतो तो स्थानिक ठरावाने आणि स्थानिक टेंडरने. चित्रण किती दिवस ठेवता, कोण पाहतं, हे नगरसेवकाला विचारता येतं. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीत आमच्या दारात आलेल्या पत्रकांत पाणी, पार्किंग, पुनर्विकास सगळं होतं, हे मात्र एकाही पत्रकात नव्हतं. (त्यातलं एक पत्रक माझ्याच दुकानात जुळवलेलं. मीही काही बोललो नाही.) तुम्ही आधीच एखाद्या पक्षाचं काम करत असाल तर हा विषय तिथे घेऊन जा. नसाल तर फक्त यासाठी पक्षात शिरू नका.

दुसरा रस्ता: कोर्ट आणि संस्था

मोठे विजय इथलेच आहेत, आणि त्यातला एक आपल्या जिल्ह्यात सुरू झाला. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदवर फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या एका मुलीला आणि ते लाइक केलं म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. दिल्लीत श्रेया सिंघल या तरुणीने सुप्रीम कोर्टात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला ज्याच्या आधाराने अशा अटका होत ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ हे कलमच रद्द झालं. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ती याचिका निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये केली होती, म्हणजे पाच वर्षं. मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी 'फॅक्ट चेक युनिट'चा, म्हणजे सरकारबद्दलचा ऑनलाइन मजकूर खोटा की खरा हे सरकारनेच ठरवायचा, नियम रद्द केला. त्यात आधी दोन न्यायाधीशांचं मत फुटलं आणि तिसऱ्यांकडे जावं लागलं.

कॉपीराइटमधलं माझ्या जिव्हाळ्याचं प्रकरण दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स दुकानाचं. ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या प्रकाशकांनी अभ्यासक्रमाचे उतारे झेरॉक्स करून विकण्यावर दावा लावला. विद्यार्थ्यांची संघटना स्वतःहून खटल्यात सामील झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये कोर्टाने सांगितलं की शिकवण्याच्या ओघात केलेली प्रत कायद्याला मंजूर आहे. डिसेंबरात खंडपीठाने ते तत्त्व कायम ठेवलं आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. आमच्या शेजारचा झेरॉक्सवाला हे ऐकून इतका खूश झाला की अख्खी गाइडं छापायला निघाला होता. त्याला म्हटलं, बाबा रे, ते शिकवण्यापुरतं आहे, धंद्यापुरतं नाही.

पण ऐरोलीच्या मुलीने शनिवारी सकाळी इथे काय करायचं? खरं सांगायचं तर फारसं काही नाही. हे वकिलांचं काम. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन, एसएफएलसी यांसारख्या संस्था दिल्लीत बसतात आणि त्यांना लागतो तो मुख्यतः पैसा, तोही दर महिन्याला ठरलेला, म्हणजे पाच वर्षं चालणारी केस मध्येच पडत नाही. तेव्हा हजारातले पाचशे इथे. देण्याआधी एवढंच बघा की संस्था जमा-खर्च उघड मांडते की नाही.

तिसरा रस्ता: अर्ज आणि हरकती

इथे मी जरा रेंगाळणार आहे.

काही वर्षांपूर्वी एका शिक्षकांना एका सरकारी कार्यालयाने काढलेली तलावांवरची पुस्तिका हवी होती. प्रती संपलेल्या. मी माहिती अधिकारात डिजिटल प्रत मागितली. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक पान, आवकचा शिक्का. तिसाव्या दिवशी उत्तर आलं: पुस्तिकेवर कॉपीराइट असल्याने सॉफ्ट कॉपी देता येत नाही.

बहुतेक माणसं इथे थांबतात. मीही थांबलो असतो, पण छपाईच्या धंद्यामुळे 'कॉपीराइट' म्हटलं की कुणाचा, हा प्रश्न आपसूक येतो. माहिती अधिकार कायद्याचं कलम ९ काढून वाचलं. कॉपीराइटच्या कारणावरून माहिती नाकारता येते, पण तो हक्क शासनाखेरीज दुसऱ्या कुणाचा असेल तरच. पुस्तिका सरकारचीच होती. पहिल्या अपिलात एवढंच एक वाक्य लिहिलं. सुनावणी पंधरा मिनिटांत आटोपली आणि सीडी हातात आली. ती घालायला ड्राइव्ह शोधण्यात दोन दिवस गेले, आणि उघडल्यावर मजकूर सगळा अगम्य चिन्हांचा! जुन्या श्रीलिपी फॉन्टमधला. तो फॉन्ट माझ्याकडे होता म्हणून निभावलं.

गंमत पुढेच आहे. मिळालेली पुस्तिका शिक्षकांनी वाचली, पण ती मी नेटवर टाकू शकत नाही. सरकारी प्रकाशनावर सरकारचा कॉपीराइट प्रकाशनापासून ६० वर्षं असतो. माहितीचा कायदा वाचायला देतो आणि कॉपीराइटचा कायदा वाटायला मना करतो. या दोन कायद्यांच्या मधल्या फटीत किती काय पडून आहे, हे मला त्या सीडीने शिकवलं. कॉपीराइट-सुधारणा म्हणजे गाणी फुकट मिळवणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा असा अर्ज करून बघावा.

भाचीला आणखी एक पेच सांगितला. तिला खासगीपणाही हवा आणि माहितीचा हक्कही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललं. पूर्वी व्यक्तिगत माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, असं दाखवावं लागायचं. आता 'व्यक्तिगत' म्हटलं की पुरतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले आणि हा बदल लागूही झाला. कलम ८(२) अजून शिल्लक आहे, म्हणजे जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. त्यामुळे अर्जातच जनहित काय ते एका ओळीत लिहून ठेवा. अपिलात उपयोगी पडतं. पहिल्या अपिलाने भागलं नाही तर ९० दिवसांत दुसरं, आपल्यासाठी राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, बेलापूरला. माझ्यावर अजून ती वेळ आली नाही.

हरकती-सूचना हा याच रस्त्याचा दुसरा पदर. २०१५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, नेट न्यूट्रॅलिटीवर (इंटरनेट कंपनीने सगळ्या साइटना सारखंच वागवावं, यावर) मतं मागवली तेव्हा दहा लाखांहून जास्त ईमेल गेले आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला वेगवेगळ्या साइटना वेगवेगळे दर लावण्यावर बंदी आली. ठरावीक साइटच फुकट दाखवणारी फेसबुकची 'फ्री बेसिक्स' योजना इथून गेली ती त्यामुळे. मात्र ट्रायने ती सगळी पत्रं लिहिणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसकट साइटवर टाकली होती! २०२५ च्या जानेवारीत केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने विदा संरक्षणाच्या नियमांच्या मसुद्यावर मतं मागवली तेव्हा उलटं झालं, कुणी काय लिहिलं ते उघड करणार नाही असं आधीच सांगून टाकलं. म्हणून आपली हरकत पाठवली की तिची प्रत आपणच जपून ठेवायची. डिसेंबर २०२५ मध्ये डीपीआयआयटीने, म्हणजे कॉपीराइट पाहणाऱ्या केंद्राच्या उद्योग विभागाने, एआय आणि कॉपीराइटवरचा चर्चेचा कागद मतांसाठी खुला केला. अशा खिडक्या महिनाभरच उघड्या असतात, तेव्हा लक्ष ठेवावं लागतं.

पेटंटवरही हरकत घेता येते, पेटंट मिळण्याआधी, कुणालाही. टीबीवरच्या बेडाक्विलिन औषधाचं पेटंट लांबवायचा जॉन्सन अँड जॉन्सनचा अर्ज मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने फेटाळला. हरकत घेणाऱ्यांत टीबीतून बऱ्या झालेल्या दोन बायका होत्या, एक मुंबईची आणि एक दक्षिण आफ्रिकेतली. पूर्वी या हरकतीला फी नव्हती, २०२४ च्या नियमांनी ती लागू झाली. एकट्याने करायचं हे काम नव्हे, जाणकार सोबत हवा.

चौथा रस्ता: मोकळं साहित्य

शांत माणसांचा रस्ता. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी, पुढच्या १ जानेवारीला, त्याचं लेखन हक्कमुक्त होतं. पूर्वी ५० वर्षं होती. रवींद्रनाथ १९४१ मध्ये गेले, मुदत संपत आली आणि सरकारने दहा वर्षं वाढवून दिली, सगळ्याच लेखकांसाठी. आचार्य अत्रे आणि अण्णाभाऊ साठे दोघेही १९६९ मध्ये गेले. म्हणजे १ जानेवारी २०३०. आत्तापासून तयारी करायला हरकत नाही.

काम म्हणजे जुनी पुस्तकं स्कॅन करणं, ओसीआरने (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने) काढलेला मजकूर ओळीओळीने तपासणं आणि मराठी विकिस्रोत या विकिपीडियाच्या भावंड ग्रंथालयावर चढवणं. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी १८९३ पासूनची संस्था आपल्या गावात असताना जुनं पुस्तक बघायला लांब जायला नको. एकच सावधगिरी: लेखक मोकळा झाला तरी नंतर दुसऱ्याने लिहिलेली प्रस्तावना, टीपा, भाषांतर मोकळं होत नाही. आवृत्ती जुनीच घ्यावी. आणि तुम्ही स्वतः लेखक असाल तर कलम २१ खाली जाहीर नोटीस देऊन आपले हक्क हयातीतच सोडता येतात, हे फार कमी जणांना ठाऊक आहे.

अंध वाचकांसाठी तर मुदतीची वाटही पाहावी लागत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने त्यांना वाचता येईल अशी प्रत करायला परवानगी दिली आहे आणि अंधांसाठी पुस्तकं सुलभ करणारा आंतरराष्ट्रीय माराकेश करार मंजूर करणारा भारत हा पहिला देश. याने कायदा बदलत नाही हे खरं. पण आठवड्याला दहा पानं तपासून झाली की ती तपासलेली असतात, कुठल्या तारखेवर अवलंबून नसतात. कोर्ट-कचेरीच्या नावाने घाम फुटत असेल तर सरळ इथे या.

भाचीने पाचशे रुपये महिना संस्थेला लावून दिलेत. शनिवारी मात्र ती दुकानात येते. पहिला अर्ज तिने तिच्या स्टेशनबाहेरच्या कॅमेऱ्यांवर लिहिला: चित्रण किती दिवस ठेवता, कुणाला देता, कंत्राट कितीचं. चांगला लिहिला होता, पण २१२ शब्दांचा. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एका विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत हवा. "मामा, 'महोदय' काढू?" म्हणाली. म्हटलं, महोदय राहू दे, तो घटनेचा परिच्छेद काढ. १४६ वर आला. सोमवारी लंच टाइममध्ये देऊन पोच घेतली आणि शिक्क्याचा फोटो मला पाठवला.