सिडकोतल्या स्लॅबखालच्या खोलीत लिक्विड कूलर: चौदा महिन्यांचा अनुभव

डिसेंबर २०२४मध्ये संगणकाच्या प्रोसेसरवर २४० मिमीचा एआयओ लिक्विड कूलर (ऑल-इन-वन, म्हणजे पंप, नळ्या आणि उष्णता हवेत सोडणारा रेडिएटर जोडूनच येणारा) बसवला, तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न होता, "यात पाणी कोण भरणार?" आमच्या घरात कूलर म्हणजे खिडकीतला, गवताच्या जाळ्यांचा, मे महिन्यात रोज दोन-दोन बादल्या पिणारा. हा कंपनीतूनच भरून, बंद होऊन येतो असं सांगितलं, तरी त्यांचं समाधान झालं नाही. बाबांची सगळी नोकरी सातपूरला लेथवर गेली. कूलंट वेळेवर बदललं नाही तर वास मारतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. मी हसलो होतो.

मशीन असं आहे: रायझेन ७ ५८००एक्स प्रोसेसर, बी५५० बोर्ड, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. काम इंटिरिअरवाल्यांसाठी थ्रीडी रेंडर (संगणकाकडून खोल्यांची चित्रं काढून घेणं) करण्याचं, त्यामुळे आठही कोअर अर्धा-पाऊण तास सलग शंभर टक्क्यांवर चालतात. आणि घर नाशिकच्या सिडकोत, सगळ्यात वरच्या मजल्यावर. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरापर्यंत खोलीला शेकत बसतो.

आधी चार हीटपाइपचा साधा टॉवर कूलर (धातूच्या नळ्या, पाती आणि पंखा असलेला उभा कूलर) होता. ५८००एक्सची अडचण अशी की आठही कोअर एकाच लहानशा चिपलेटमध्ये, म्हणजे चिपच्या एका तुकड्यात, आहेत आणि बोर्डाच्या मूळ सेटिंगवर तो १४२ वॅटपर्यंत घेतो. उष्णता नखाएवढ्या जागेतून बाहेर यायची असते, त्यामुळे वर कितीही मोठा कूलर ठेवला तरी तिथली कोंडी पूर्ण सुटत नाही. २०२४च्या मे महिन्यात रेंडर लावला की तापमान ९० अंशांना जाऊन चिकटायचं (एएमडीने घातलेली मर्यादा तीच आहे), घड्याळगती (प्रोसेसरचा वेग) खाली यायची आणि पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडायचा. म्हणून साडेआठ हजार खर्च केले.

जुना कूलर काढताना एक काळजी घ्या. एएम४ सॉकेटमध्ये (या प्रोसेसरची बोर्डावरची बैठक) प्रोसेसर आणि कूलरच्या मधली पेस्ट सुकलेली असेल तर कूलरसोबत प्रोसेसरही उपटून येतो, आणि पिना वाकल्या की मग सुई घेऊन बसा. मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम केलं, बंद केलं, कूलर हलक्या हाताने डावी-उजवीकडे पिळला आणि मगच उचलला.

बसवून दिला दुकानातल्या पोराने. कॅबिनेटच्या वरच्या बाजूला रॅम आडवी येत होती म्हणून रेडिएटर पुढच्या बाजूला, नळ्या वरच्या टोकाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन चालू केलं तर आतून गुडगुड. बाबा म्हणाले, "पोट बिघडलंय याचं." खरंच वायूच होता. या बंद नळ्यांमध्ये थोडी हवा राहतेच, ती सगळ्यात उंच जागी जमते, आणि इथे ती जागा नेमकी नळ्यांच्या तोंडाशी होती. रेडिएटर उलटा करून नळ्या खाली घेतल्यावर आवाज दोन दिवसांत बंद झाला. रेडिएटरचं वरचं टोक पंपापेक्षा उंच हवं, एवढं मात्र कुठेही बसवलात तरी पाळा. हवा पंपात शिरली तर तो खडखडतो आणि लवकर झिजतो. शिवाय पंपाची वायर बोर्डावरच्या पंपाच्याच जागी लावून गती पूर्ण ठेवली. पोराने ती प्रोसेसरच्या पंख्याच्या जागी लावली होती, त्यामुळे मशीन शांत असलं की पंपही मंदावत होता.

जानेवारीत खोली २१ अंशांवर असताना चाळीस मिनिटांच्या रेंडरला ७४ अंश आले. टॉवरवर साधारण तशाच थंडीत ८१ यायचे. मी खूश. पण पहिल्या पाच-दहा मिनिटांचे आकडे बघून कुणी खूश होऊ नये. पाणी तापायला वेळ घेतं, म्हणून सुरुवातीला आकडा फार देखणा दिसतो. खरा आकडा वीसेक मिनिटांनी स्थिरावतो. पाच मिनिटांची चाचणी करून लिहिलेली कौतुकं मी आता वाचत नाही.

मग एप्रिल-मे आला. दुपारी तीनला खोली ३७ अंश, रेंडर चालू, आणि तापमान ८९. साडेआठ हजार घालून मी पुन्हा जवळपास तिथेच. रागाने जानेवारीच्या नोंदी काढल्या. तेव्हा खोलीपेक्षा ५३ अंश वर, आता ५२. कूलर आपलं काम तंतोतंत तेवढंच करत होता. खोली एक अंश चढली की तोही एक अंश चढतो.

हे समजायला मला आईचा कूलर लागला. एका दुपारी उकाडा असह्य झाला म्हणून तिने खिडकीतला कूलर माझ्या खोलीकडे वळवला. तासाभरात खोली ३१ वर आली आणि प्रोसेसर ८३ वर. खिडकीतल्या कूलरचं पाणी उडतं, उडताना हवेतली उष्णता घेतं, म्हणून हवा बाहेरपेक्षा गार होते. एआयओतलं पाणी असं उडत नाही. ते तांब्याच्या पट्टीवरून उष्णता उचलतं, रेडिएटरपर्यंत वाहून नेतं आणि पंखे ती खोलीतच सोडतात. हमालच तो, आणि ओझं उतरवणार आपल्याच अंगणात. पाणी म्हणजे गारवा, हे डोक्यात माठामुळे बसलेलं असतं. एआयओतलं पाणी खोलीपेक्षा गार कधीच होत नाही. एका परीने बरंच आहे, कारण त्यामुळे नळ्यांवर दव धरण्याची भीतीही नसते.

तरी आईचा कूलर हा उपाय म्हणून सुचवत नाही. दमट हवेत धूळ रेडिएटरच्या पात्यांना थापल्यासारखी चिकटते. त्यात २०२७च्या सिंहस्थाची तयारी म्हणून आमच्याकडचे रस्ते उकरलेले. तीन महिने साफ केलं नाही तर तापमान पाच अंशांनी चढलं. आता दर सहा आठवड्यांनी रंगाचा सुका ब्रश आणि ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

खरा फरक फुकटात पडला. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन प्रोसेसरची मर्यादा १४२वरून ११० वॅटवर आणली. ३७ अंशांच्या त्याच खोलीत तापमान ७६. एकेचाळीस मिनिटांचा रेंडर त्रेचाळीस मिनिटांचा झाला. दोन मिनिटांत माझा एक चहासुद्धा होत नाही.

ऑक्टोबरमध्ये एक पंखा करकरायला लागला. वॉरंटी होती, पण सुटा पंखा मिळेना. अख्खा कूलर काढून पाठवा म्हणाले. एकोणीस दिवस गेले. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा 'प्रोसेसमध्ये आहे'. तेवढे दिवस कपाटातला जुना टॉवर पुन्हा चढवला आणि आपोआप समोरासमोर तुलना झाली. खोली ३० अंश, मर्यादा ११० वॅट: टॉवरवर ७८, लिक्विडवर ७०. रेंडरची वेळ दोन्हीकडे त्रेचाळीसच मिनिटं. टॉवर असताना बोर्डावरचे प्रोसेसरला वीज देणारे भाग ५८ अंशांवर होते, लिक्विडवर ते ७१ दाखवतात, कारण टॉवरचा पंखा जाता जाता त्यांनाही वारा घालतो. ग्राफिक्स कार्डही टॉवरसोबत तीन-चार अंश गार होतं. एरवी पुढच्या रेडिएटरची तापलेली हवा त्याच्याच तोंडावर येते.

मग साडेआठ हजार कशासाठी गेले? आवाजासाठी. टॉवरचा पंखा मिनिटाला सोळाशे फेऱ्यांवर जायचा आणि प्रोसेसरने जरा उसळी मारली की वर-खाली करायचा. लिक्विडचे पंखे मी नऊशेवर बांधून ठेवलेत. पाणी तापायला वेळ घेतं म्हणून छोट्या उसळ्यांना दाद द्यावी लागत नाही. रात्री रेंडर लावून त्याच खोलीत झोपता येतं. माझ्यासाठी ही किंमत वाजवी आहे. दिवसा काम करून मशीन बंद करणाऱ्याने, किंवा नुसतं गेमिंग करणाऱ्याने, अडीच-तीन हजारांचा बरा टॉवर घ्यावा आणि उरलेले पैसे जाळीदार पुढच्या बाजूच्या कॅबिनेटमध्ये घालावेत.

बाबांचा प्रश्न मात्र उभा आहे. नळ्यांमधून पाणी वर्षानुवर्षं थोडं थोडं झिरपून उडतंच, आणि माझ्या कूलरला भरायला तोंडच नाही. पाच-सहा वर्षांनी पंप गेला किंवा पाणी कमी झालं की अख्खा टाकायचा. टॉवरचा फक्त पंखा जातो, तो चारपाचशेला मिळतो. म्हणून जुना टॉवर विकलेला नाही, पेपरात गुंडाळून माळ्यावर आहे. काल रेडिएटर साफ केला, आणि बाबा खिडकीतल्या कूलरचं गवत बदलायला माणूस सांगून आले.