निळी की तपकिरी? आइझोमे आणि काकिशिबूच्या बॅगा

रोज खांद्याला लावायला एकच कापडी बॅग घ्यायची आणि ती जपानी हातरंगाईचीच घ्यायची, इथपर्यंत ठरलं की निवड बहुधा दोघींवर येऊन थांबते. एक आइझोमे, म्हणजे निळीत रंगवलेली. दुसरी काकिशिबू, म्हणजे पर्सिमन या फळाच्या, कच्चं असताना काढून आंबवलेल्या रसात रंगवलेली. मी टोकियोत ऑफिसला जाता-येता दोन्ही वापरल्या आहेत, त्यामुळे पुढचं सगळं रोजच्या वापरातून आलेलं आहे. बॅग फक्त अधूनमधून मिरवायची असेल तर खुशाल निळी घ्या, इथेच थांबलात तरी चालेल.

‘अस्सल जपानी कोणती’ या वादात मात्र पडू नका. एदो काळात (१६०३-१८६८) सामान्य लोकांच्या भडक आणि उंची कपड्यांवर सरकारी बंधनं होती, आणि त्यांच्या वाट्याला मुख्यतः निळा, तपकिरी आणि करडा हेच रंग आले. लोकांनी त्यांतच इतक्या छटा काढल्या, की ‘४८ तपकिरी, १०० करडे’ असं म्हणायची पद्धत पडली. निळ्याची प्रसिद्धी पुढे जास्त झाली. १८७४ मध्ये आलेल्या रॉबर्ट विल्यम अ‍ॅटकिन्सन या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने जिकडेतिकडे निळे कपडे दिसतात असं लिहून ठेवलं, आणि टोकियो २०२० ऑलिंपिकचं बोधचिन्हही निळंच होतं. पण घराण्याचा मान म्हणाल तर दोघींचा सारखाच.

निळीचा खटाटोप ऐकला की किंमत पटते. तोकुशिमात, म्हणजे जुन्या आवा प्रांतात, निळीची पानं उन्हाळ्यात कापून वाळवतात आणि मग पाणी मारत, उलथत सुमारे १०० दिवस कुजवतात. त्याचा सुकुमो तयार होतो. तो राखेच्या निवळीत घालून, गव्हाचा कोंडा, शिंपल्यांचा चुना, थोडी साके (तांदळाची दारू) असं काहीबाही देत कुंड जिवंत ठेवायचं. कापड बाहेर काढताना हिरवट दिसतं, हवा लागली की निळं होतं, आणि गडद छटेसाठी हेच पुन्हा पुन्हा करायचं. या धंद्याला पहिला धक्का मेइजी काळात (१८६८-१९१२) आपल्याकडच्या, भारतातल्या स्वस्त निळीने दिला. मग १८९७ पासून जर्मन कारखान्यातली कृत्रिम नीळ बाजारात आली. आता सुकुमो करणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. म्हणून ‘इंडिगो’ लिहिलेली प्रत्येक बॅग आवाची समजू नये, विचारून घ्यावं. रंगाची खोली मात्र विचारूच नका. संध्याकाळच्या उजेडात तिच्यासमोर दुसरी कुठलीही बॅग फिकी पडते.

आता माझं घोडं जिथे अडलं ते सांगतो. नीळ पाण्यात विरघळत नाही. ती धाग्यात बारीक कणांच्या रूपात अडकून बसते, आणि वरवरचे कण घासलं की निघतात. निळीचा पोशाख घालून केंदो, म्हणजे जपानी तलवारबाजी, खेळणाऱ्यांचे हातपाय निळे होतात ते यामुळेच. माझ्या स्वतःच्या शर्टाला डाग पडला त्याचं मला फारसं काही वाटलं नाही, गडद शर्ट घालायला लागलो. पण टोकियोच्या गर्दीच्या लोकलमध्ये बॅग पोटाशी धरायची रीत आहे, आणि जुलैच्या घामट हवेत ती पोटाशी धरली की तिची पुढची बाजू शेजाऱ्याला टेकते. शेजारी क्रीम रंगाचा लिननचा कोट घातलेल्या बाई असल्या, तर पुढचं स्टेशन येईपर्यंत जीव टांगणीला. बॅगेला ‘रंग लागू शकतो’ अशी चिठ्ठी असते, पण ती मी वाचलेली, त्या बाईंनी नाही. एवढ्या सुंदर वस्तूसाठी रोज दोनदा अंग चोरून उभं राहायचं, हे मला झेपेना.

न्यायाला धरून सांगायचं तर कापड भरपूर धुऊन देणाऱ्या रंगाऱ्यांच्या बॅगा कमी रंग सोडतात, आणि वापराने हा त्रास उतरत जातो. फिक्या आसागी छटेत तो जवळपास जाणवत नाही. कुणाचा अनुभव वेगळा असेल, तर मी हुज्जत घालणार नाही.

काकिशिबूची गोष्ट साधी आहे. क्योतोच्या दक्षिणेकडे तुरट जातीची हिरवी फळं ठेचून रस काढतात, आंबवतात आणि वर्ष, कधी त्याहून जास्त, मुरू देतात. आपल्या टेंभुर्णीचं हे जपानी भावंडच, एकाच कुळातलं. त्यातलं टॅनिन हवा-उन्हाने कापडावर घट्ट बसतं, पाणी थोपवतं आणि कापडाला बळ देतं. म्हणून कागदी छत्र्या, मासेमारीची जाळी, साके गाळायच्या पिशव्या या सगळ्यांना तो रस लावत. यंत्रं आल्यावर त्या ठिगळं लावलेल्या पिशव्या कामातून गेल्या आणि त्यांच्या बॅगा होऊ लागल्या. गंमत म्हणजे इसे भागातले कोरीव छापकागदही (स्टेन्सिल) याच रसाने मजबूत करतात, आणि त्यांच्यावरून खळ लावून पुढे निळीतलं नक्षीकाम होतं.

दोष आहेत. नवी बॅग पापडासारखी कडक असते आणि घडीवर पांढुरक्या रेघा उठतात. पावसाचे थेंब डाग सोडून जातात. जुन्या पद्धतीच्या रसाला वास असतो, बंद कपाटात तो जास्त जाणवतो. हल्ली वास काढलेला रसही मिळतो, तो बरा. ओलं लोखंड टेकलं की काळा ठिपका आलाच. हिरडा आणि हिराकस एकत्र केल्यावर जे होतं तेच. साबणही जपून. पण हे सगळे उपद्रव माझ्यापुरते आहेत, शेजाऱ्याच्या कपड्यांना त्याची झळ नाही. शिवाय नीळ वापराने फिकी होत जाते, तर ही उन्हाने गडद होते. माझ्या बॅगेची बाहेर राहणारी बाजू आतल्या बाजूपेक्षा सरळ एक छटा पुढे गेली आहे, आणि मला ते आवडतं. मैत्रिणीला ती नुसती मळकी वाटते.

गाडीने फिरत असाल, गडद कपडे घालत असाल, तर माझी तक्रार तुम्हाला लागू नाही आणि निळीसारखी दुसरी नाही. लोकलने जाणाऱ्याला मी भीत भीत का होईना, काकिशिबूच सुचवेन. तरी मन निळीतच अडकलं असेल, तर जिचं फक्त वरचं झाकण निळीचं आणि अंग बिनरंगी कॅनव्हासचं आहे अशी शोधा. दुकानात ओला पांढरा रुमाल झाकणावर घासून बघू द्याल का, असं नम्रपणे विचारा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.