विशेष मुलांच्या वर्गासाठी वुड-वूल पॅनेल: छताला उत्तम, भिंतीला नको

घुमणाऱ्या वर्गात श्रवणयंत्र बाईंच्या शब्दांसोबत प्रतिध्वनीही मोठा करून ऐकवतं. म्हणूनच शाळांमधल्या ध्वनिव्यवस्थेसाठीच्या ब्रिटनच्या बीबी ९३ मानकात श्रवण किंवा संवादाची विशेष गरज असलेल्या मुलांच्या नव्या वर्गांसाठी निनादकाळाची, म्हणजे आवाज थांबल्यावर त्याचा घुमारा विरायला लागणाऱ्या वेळाची, मर्यादा ०.४ सेकंद आहे.

लाकडाचे तंतू सिमेंटमध्ये बांधून केलेलं, आवाज शोषणारं २५ मिमीचं हे वुड-वूल पॅनेल इथे छतासाठी मनापासून सुचवावं असं आहे. मात्र स्लॅबला थेट चिकटवलं तर एसीच्या घरघरीसारखे खालच्या पट्टीतले आवाज फारसे शोषले जात नाहीत. मागे निदान ५० मिमी पोकळी सोडा, तिच्यात रॉकवूल (दगडापासून केलेली तंतूंची लोकर) भरा. स्क्रूनेच बसवा, गोंद लावला की पॅनेल अख्खं निघत नाही, पुनर्वापर संपतो. ब्रशने जाड रंग दिला तर छिद्रं बुजतात, म्हणून पातळ स्प्रे.

मुलांचा हात पोहोचेल तिथे हे लावूच नका. पृष्ठभाग खरखरीत असतो. कातडी सोलवटते, काही मुलं तंतू उपसत बसतात.

मुलांना उचलणाऱ्या होइस्टचा रूळ आधी थेट स्लॅबमध्ये अँकर करा. हे पॅनेल तो भार पेलत नाही.