जुनं, छेडछाड झालेलं हत्यार: वेल्डिंग, पितळेचा जोड की नुसता ग्राइंडर?

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारली की ही मंडळी हमखास भेटतात: लाकडी दांड्याऐवजी पाइप वेल्ड केलेला हातोडा, अडचणीच्या जागेसाठी घासून पातळ केलेला पाना, छिन्नीसारखी ठोकून माथा फुललेली पटाशी. पोलाद बहुतेक वेळा चांगलं असतं. ते पुन्हा कामाला लावायचं तर कोणता रस्ता धरायचा, हे हत्याराचा कोणता भाग बिघडलाय त्यावर ठरवा.

आर्क वेल्डिंग स्वस्त आणि गल्लोगल्ली मिळणारं. क्लॅम्पची चौकट, व्हाइसची फिरवायची दांडी अशा साध्या लोखंडाला ते उत्तम. पाना किंवा पटाशी असेल तर मात्र थांबा. या पोलादात कार्बन जास्त असतो. वेल्डिंगचा टाका मारला की आजूबाजूचा गार भाग उष्णता झपाट्याने ओढून घेतो आणि टाक्याच्या कडेला कडक, ठिसूळ पट्टा तयार होतो. टाका शाबूत राहतो, हत्यार त्याच्या शेजारी तुटतं. त्याच्या पलीकडे मूळ पाणी (तापवून-विझवून पोलादाला दिलेला कडकपणा) उतरून पोलाद मऊ पडतं, ते वेगळंच. करायचंच असेल तर आधी २०० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा, ७०१८ (कमी हायड्रोजनचा) हा वेल्डिंग रॉड अगदी कोरडा वापरा (दमट रॉडमधला हायड्रोजन तडे पाडतो) आणि नंतर राखेत पुरून सावकाश गार होऊ द्या. क्रोमचा मुलामा असेल तर मास्क लावून तो आधी घासून काढा, कारण वेल्डिंग करताना त्याचा धूर विषारी असतो.

रंध्याची किंवा व्हाइसची बिडाची (ओतीव लोखंडाची) बॉडी तडकली असेल तर मी पितळेचा जोडच सुचवेन. पितळ साधारण ९०० अंशांना वितळतं, बीड वितळत नाही, त्यामुळे जोडाशी ठिसूळपणा कमी येतो. पिवळी रेघ दिसत राहते, पण रंधा चालतो. निकेलचा रॉड हाही चांगला पर्याय, फक्त महाग.

पाइपवाल्या हातोड्याला यातलं काहीच लागत नाही. पाइप नेढ्यापासून (दांडा बसतो त्या भोकापासून) थोडा लांब कापा, उरलेला टाका ग्राइंडरला लावायच्या फ्लॅप डिस्कने (पॉलिश पेपरच्या पट्ट्यांच्या चकतीने) हळूहळू उतरवा आणि नेढं आतून गोल कानशीने मोकळं करा. टाका नेढ्यात खोल उतरलेला असेल, तर तिथे तडा आहे का ते नीट पाहा. तडा दिसला तर हातोडा भंगारात. नाहीतर बाभळीचा दांडा बसवून वरून पाचर ठोका. ठोकायच्या तोंडावर मात्र वेल्डिंगचा भर कधीच घालू नका, कपची उडून डोळ्यात जाते. तोंडाच्या आणि पटाशीच्या माथ्याच्या फुललेल्या कडा नुसत्या घासून टाका.

पटाशीची धार तुटली असेल तर तुकडा जोडण्यापेक्षा ती थोडी आखूड करून नवी धार काढा. घासताना दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवा. कडेला फिकट पिवळा रंग आला तर चालतं. निळा आला तर पाणी उतरलं. मग निळा भाग संपेपर्यंत घासा, नाहीतर लोहाराकडून पुन्हा पाणी देऊन घ्या.

पातळ केलेला पाना नटावर घट्ट बसत असेल तर तसाच ठेवा, अडचणीच्या जागी हलक्या जोराच्या कामाला तो लागतोच. तोंड सैल झालं असेल तर त्यावर रॉड खर्च करू नका, त्या मापाचा नवा पाना घ्या.