स्पायनल ड्युरल फिस्टुला: ग्लू की शस्त्रक्रिया?

मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्यांचे दोष अनेक प्रकारचे असले, तरी उतारवयात गाठ पडते ती बहुतेक वेळा ड्युरल आर्टेरिओव्हीनस फिस्टुलाशीच, म्हणजे मज्जारज्जूभोवतीच्या ड्युरा या जाड आवरणात धमनी आणि शीर थेट जोडल्या जाण्याच्या दोषाशी. निदान पक्के झाल्यावर तो कॅथेटर या बारीक नळीतून ग्लू, म्हणजे रक्तवाहिनीत घट्ट होणारा चिकट द्रव, सोडून (एम्बोलायझेशन) बंद करायचा की पाठ उघडून, एवढाच निर्णय उरतो. एमआरआय आणि डीएसए (रक्तवाहिन्यांत औषध सोडून काढलेली एक्स-रे चित्रे) झाले आहेत व फिस्टुला कोणत्या पातळीवर आहे हे ठाऊक आहे, असे धरून पुढचे लिहितो. मज्जारज्जूच्या आतल्या एव्हीएमचे (धमन्या-शिरांच्या गुंत्याचे) गणित निराळे आहे; त्याला यातले काही लावू नये.

दोन्ही उपचारांचे लक्ष्य एकच असते. या फिस्टुलात इजा होते ती सहसा रक्तस्रावाने नव्हे, तर धमनीचा दाब शिरांत शिरल्याने. रक्ताचा निचरा तुंबतो, मज्जारज्जूला सूज येते आणि चालताना पाय जड पडण्यापासून लघवी अडण्यापर्यंतची लक्षणे त्यातूनच उद्भवतात. फिस्टुला मज्जातंतूच्या मुळाभोवतीच्या ड्युरात असतो, हे केंडल आणि लोग यांनी १९७७ मध्ये मांडले. त्यापूर्वी मज्जारज्जूवरच्या फुगलेल्या शिराच लांबवर सोलून काढल्या जात, म्हणजे आधीच अपुरा पडणारा निचरा आणखी कमी केला जाई. आज बंद करायची असते ती ड्युरातून आत शिरणारी एकच शीर, तीही अगदी तिच्या सुरुवातीला.

एम्बोलायझेशनचे आकर्षण उघड आहे. पाठीवर छेद नाही, रुग्ण लवकर उठून बसतो आणि सोय असेल तर डीएसएच्या टेबलावरच उपचारही उरकतो. हृदय किंवा फुफ्फुसे कमजोर असलेल्या रुग्णाच्या बाबतीत ही बाजू हलकी मानता येणार नाही. मात्र ज्या धमनीतून फिस्टुलाला रक्त जाते, तिच्यातूनच मज्जारज्जूची पुढची मुख्य धमनीही निघत असेल, तर ग्लूचा विचार तिथेच सोडावा.

माझा कौल ज्या एका गोष्टीने ठरला, ती आहे टेबलावरच्या शेवटच्या चित्राची. ग्लूने फिस्टुला ओलांडून शिरेच्या तोंडापर्यंत पोहोचायला हवे. तो अलीकडे धमनीतच घट्ट झाला तर काम अपुरे राहते, आणि फार पुढे गेला तर मज्जारज्जूचा खरा निचराच बुजतो. धमन्या बारीक व नागमोडी असतात, त्यामुळे कॅथेटरचे टोक बरेचदा हवे त्याच्या आधीच अडते. तरीही शेवटच्या इंजेक्शनला पडद्यावर फिस्टुला दिसेनासा होतो. सर्वांना हायसे वाटते, नातेवाइकांना ‘बंद झाले’ असे सांगितले जाते. पण ग्लूची काळी रेघ मुळाच्या छिद्राजवळच संपलेली असेल, तर शेजारच्या पातळीवरून किंवा विरुद्ध बाजूने ड्युरातले बारीक फाटे हळूहळू तीच शीर पुन्हा भरू लागतात. काही महिन्यांनी पाय पुन्हा जड पडतात, एमआरआयमधली सूज जागची हललेली नसते आणि रुग्ण पुन्हा डीएसएसाठी टेबलावर येतो. हा मधला काळ मला सर्वांत खटकतो, कारण मज्जारज्जूचे नुकसान त्या काळातही चालूच असते.

शस्त्रक्रियेत उत्तर तिथल्या तिथे मिळते. एक-दोन पातळ्यांवर मणक्याच्या कमानीचा भाग काढून ड्युरा उघडला, की मुळाच्या शेजारून आत येणारी लालभडक, ताठर शीर मायक्रोस्कोपखाली दिसते. तिच्यावर तात्पुरती क्लिप लावून थांबायचे. मोटर पोटेन्शियल (स्नायूंपर्यंत पोहोचणारे विद्युत संकेत) स्थिर राहतात आणि मज्जारज्जूवरच्या वळणावळणाच्या शिरा लालच्या निळसर होत सैलावतात. आयसीजी (रक्तप्रवाह दाखवणारे चमकणारे रंगद्रव्य) देऊन खात्री झाली, की शीर जाळून तोडायची. हा रंगबदल पाहिल्यावर मला पुढच्या डीएसएची धाकधूक क्वचितच वाटली आहे.

प्रकाशित आकडेही याच दिशेने झुकतात. २००४ च्या एका एकत्रित आढाव्यात शस्त्रक्रियेचे यश ९८ टक्के आणि एम्बोलायझेशनचे ४६ टक्के होते. २०१५ च्या आढाव्यात हेच आकडे सुमारे ९७ आणि ७२ असे आले. अंतर घटले आहे हे मान्य करायला हवे. शिवाय मी शस्त्रक्रिया करणारा असल्याने ग्लू फसलेले रुग्णच माझ्याकडे अधिक येतात आणि ज्यांचे काम एका ग्लूवर भागले ते मला दिसत नाहीत, हेही वाचकाने लक्षात घ्यावे.

शस्त्रक्रियेचीही कटकट आहेच. जखम काही दिवस दुखते, कधी पाण्यासारखा मज्जाद्रव झिरपतो. पण खरी डोकेदुखी पातळी मोजण्याची असते. छातीच्या मधल्या मणक्यांत, विशेषतः स्थूल रुग्णात, सी-आर्मवर (शस्त्रक्रियागृहातल्या एक्स-रे यंत्रावर) बरगड्या मोजताना एका मणक्याचा घोळ सहज होऊ शकतो. म्हणून डीएसए करणाऱ्या सहकाऱ्यालाच त्या धमनीत, सुरक्षित असेल तेव्हा, धातूच्या तारेची एक लहानशी कॉइल ठेवायला मी सांगतो. सी-आर्मवर ती ठळक दिसते आणि वाद मिटतो.

बरे होण्याच्या बाबतीत दोन्हींत फारसा फरक नाही. फिस्टुला खरोखर बंद झाला असेल, तर आधी चाल सुधारते, लघवीची तक्रार मागे रेंगाळते, आणि उपचारापूर्वी किती काळ वाया गेला यावर बरेच अवलंबून राहते.

भूल देणे धोक्याचे असेल, किंवा धमनी सरळ असून कॅथेटर फिस्टुलाच्या अगदी जवळ पोहोचत असेल, तर आधी ग्लू करून पाहायला माझी हरकत नसते. मात्र ग्लू शिरेपर्यंत गेला नाही तर पुढे काय, हे आधीच विचारून घ्यावे. ‘सहा महिन्यांनी पुन्हा डीएसए करून पाहू’ असे उत्तर मिळाले, तर शस्त्रक्रिया करणाऱ्याचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये. ‘लागलीच, याच मुक्कामात शस्त्रक्रिया करू’ असे मिळाले, तर खुशाल पुढे जावे.